स्नोडेन : हिरो की घरभेदी? (शेजाऱ्याशी वाजलंय, मत हवंय)

मेरीलँडची_माई

मंडळी, हा धागा आठवडाभर ड्राफ्टमध्ये पडून होता, आज टाकतेच.

आम्ही मेरीलँडमध्ये राहतो, फोर्ट मीडपासून गाडीने वीसेक मिनिटं. फोर्ट मीड म्हणजे एनएसए (नॅशनल सिक्युरिटी एजन्सी) या अमेरिकन हेरखात्याचं मुख्यालय, जगभरचे फोन आणि ईमेल जिथे ऐकले-वाचले जातात ते ठिकाण. आमच्या भागात कोणाला 'कुठे असता कामाला?' विचारलं आणि समोरचा 'सरकारी काम, कॉम्प्युटरचं' एवढंच म्हणाला की पुढे विचारायचं नाही, सरळ हवापाण्यावर यायचं, ही इथली रीत. आमचा शेजारी असाच. अतिशय सज्जन माणूस, बर्फ पडला की न सांगता आमच्या दारातलाही काढून जातो. गणपतीत दर्शनाला आला, मोदक आवडले, सगळं छान चाललं होतं आणि आमच्या चिरंजीवांनी (वय १९, जग ह्यालाच कळलंय) स्नोडेनचा विषय काढला.

एरवी आवाज न चढवणारा हा माणूस, त्याने ताटली खाली ठेवली आणि म्हणाला, त्या पोरामुळे माझ्या ओळखीच्या लोकांची दहा-दहा वर्षांची कामं एका रात्रीत बंद पडली, तो गद्दार आहे, दुसरा शब्द नाही. लेक म्हणाला, मार्च २०१३ मध्ये तुमच्या गुप्तचर प्रमुखाला सिनेटर वायडनने समोरासमोर विचारलं होतं की कोट्यवधी अमेरिकनांची कसलीही माहिती गोळा करता का, तो 'नो सर' म्हणाला, आणि ते खोटं होतं हे जगाला कळलं ते स्नोडेनमुळे, मग गद्दार कोण? शेजारी गप्प. मी 'अजून एक मोदक?' म्हणून वेळ मारून नेली. तेव्हापासून तो बोलतो, हसतो, पण आत येत नाही.

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. एडवर्ड स्नोडेन, तेव्हा वय २९, एनएसएचं काम करणाऱ्या कंत्राटी कंपनीत हवाईला नोकरी. मे २०१३ मध्ये कागदपत्रं घेऊन हाँगकाँगला गेला, पत्रकारांना दिली. ५ जूनला पहिली बातमी आली की व्हेरायझन कंपनी तिच्या ग्राहकांच्या कॉल्सचा तपशील (कोणी कोणाला, कधी, किती वेळ) गुप्त कोर्टाच्या आदेशावरून रोजच्या रोज सरकारला देते. दुसऱ्या दिवशी प्रिझमची (इंटरनेट कंपन्यांकडून लोकांची माहिती घेणारा एनएसएचा कार्यक्रम) बातमी, त्यात गूगल, फेसबुक, ऍपल वगैरे नऊ कंपन्या. ९ जूनला तो स्वतःच नावानिशी पुढे आला. आज रशियात आहे, तिथलं नागरिकत्वही मिळालंय.

माझं मत? अर्धं इकडे, अर्धं तिकडे. म्हणून तर धागा.

चिंचेचं_बोटुक

पहिला रुमाल माझा. पॉपकॉर्न ठेवलंय मायक्रोवेव्हमध्ये.

सुभेदार_निवृत्त

माई, तुमचा शेजारी बरोबर आहे.

२६ वर्षं नोकरी केली. गुप्ततेची शपथ घेतली ती आजही पाळतो. माझ्या बायकोला आजही माहीत नाही की एका हिवाळ्यात पाच महिने मी नक्की कुठे होतो, आणि तिने कधी विचारलंही नाही. ही शपथ मनाला पटेपर्यंत पाळायची नसते. प्रत्येक जवानाने 'मला हा आदेश पटत नाही' म्हणून कागद वाटायला सुरुवात केली तर सैन्य कशाला, सोसायटीची मीटिंगसुद्धा चालणार नाही.

आणि त्याने नेलं काय? अमेरिकन संसदेच्या गुप्तचर समितीच्या २०१६ च्या अहवालात १५ लाख कागदपत्रांचा आकडा आहे आणि त्यातल्या बहुतेकांचा लोकांच्या प्रायव्हसीशी काही संबंध नव्हता असं म्हटलंय. हाँगकाँगमध्ये बसून त्याने तिथल्या वर्तमानपत्राला सांगितलं की अमेरिका चीनमधले कोणते कॉम्प्युटर हॅक करते. याचा अमेरिकन नागरिकाच्या प्रायव्हसीशी काय संबंध? सगळे देश हेरगिरी करतात. महाराजांचे बहिर्जी नाईक काय करत होते? उद्या बहिर्जींच्या हाताखालचा एखादा विजापूरला जाऊन सगळी यादी देता झाला असता तर आपण त्याला हिरो म्हटलं असतं का?

खाल्ल्या मिठाला जागला नाही. विषय संपला.

बायनरी_बाळू

सुभेदार काका, बहिर्जी शत्रूची खबर काढत होते हो, रयतेच्या घराघरात कान लावून नव्हते बसले. तिथेच तर सगळी गोची आहे.

बाकी मी सिस्टीम ऍडमिन असल्यामुळे मला या प्रकरणात वेगळीच मजा वाटते. स्नोडेनचंही काम आमच्यासारखंच, सर्व्हर सांभाळणं. लोकांना वाटतं गुपितं मोठ्या साहेबांकडे असतात, छे, साहेबाला स्वतःचा पासवर्ड आठवत नाही, गुपितं असतात ऍडमिनकडे. आमच्या ऑफिसात २०१३ नंतर ऑडिटवाले सारखे विचारायला लागले, ऍडमिनवर लक्ष कोण ठेवतं? आम्ही म्हटलं, दुसरा ऍडमिन. आणि त्याच्यावर? पहिला.

तांत्रिक बाजूने बघाल तर त्याचे उपकार आहेत हे मान्य करा. ऑक्टोबर २०१३ मध्ये बातमी आली की गूगलच्या आणि याहूच्या डेटा सेंटरांमधल्या केबल्सवरून एनएसए आणि ब्रिटिश लोक परस्पर माल उचलतात. त्या स्लाइडवर हाताने काढलेली आकृती होती आणि जिथे एन्क्रिप्शन सुटतं तिथे कोणीतरी स्मायली काढली होती. ती स्मायली बघून गूगलचे इंजिनिअर जे भडकले ते भडकलेच, आतलं ट्रॅफिकही एन्क्रिप्ट करायचं काम धडाक्यात उरकलं. नंतर हळूहळू सगळ्या वेबवर कुलपाचं चित्र आलं, २०१६ मध्ये व्हॉट्सऍपचे मेसेज एंड-टू-एंड एन्क्रिप्ट झाले. आज काकूंचे गुड मॉर्निंगचे गुलाब जगातली कुठलीही एजन्सी वाटेत फोडू शकत नाही, यात त्या स्मायलीचा वाटा आहे.

अवांतर: हा गडी २०१० मध्ये दिल्लीत येऊन एथिकल हॅकिंगचा कोर्स करून गेला होता. म्हणजे अर्धा आपलाच.

चिंचेचं_बोटुक

म्हणजे गुलाब वाचवायला हा माणूस रशियात जाऊन बसला? गद्दारच.

वकीलीणबाई

आधी एक घोळ निस्तरते. 'गद्दार' ही शिवी आहे, आरोप नाही. स्नोडेनवर देशद्रोहाचा आरोप ठेवलेलाच नाही. अमेरिकेच्या राज्यघटनेतच त्याची व्याख्या आहे: देशाविरुद्ध युद्ध करणं किंवा शत्रूला सामील होऊन मदत करणं, आणि त्यासाठी एकाच कृत्याला दोन साक्षीदार लागतात, नाहीतर भर कोर्टात कबुली. मुद्दाम इतकी कडक ठेवली, कारण इंग्लंडात राजाला आवडला नाही तो देशद्रोही असा खाक्या होता. स्नोडेनवर जून २०१३ मध्ये तीन आरोप लागले, एक सरकारी मालमत्तेच्या चोरीचा आणि दोन १९१७ च्या हेरगिरी कायद्याखालचे. या कायद्यात गंमत अशी की 'मी लोकांच्या हितासाठी केलं' असा बचावच चालत नाही. कागद दिले का? दिले. संपलं. शत्रूला विकले की वर्तमानपत्राला दिले हा प्रश्न शिक्षेच्या वेळी येईल, गुन्हा ठरताना नाही. म्हणून 'परत ये आणि खटल्याला सामोरा जा' हे ऐकायला मर्दानी वाटतं, पण ज्युरीपुढे त्याला आपलं मुख्य म्हणणंच मांडता येणार नाही.

आता सुभेदारसाहेबांच्या मिठाबद्दल. आपल्या भाषेत राजद्रोह आणि देशद्रोह असे दोन शब्द आहेत आणि ते दोन आहेत हे मराठी माणसाला शिकवायला नको. १९०८ साली टिळकांना केसरीतल्या लेखांवरून सहा वर्षांची शिक्षा झाली ती राजद्रोहाची. सरकारच्या लेखी गुन्हेगार, देशाच्या लेखी लोकमान्य. (२०२४ मध्ये लागू झालेल्या नव्या न्याय संहितेत राजद्रोह हा शब्द गेला, कलम १५२ आलं, त्यावर कधीतरी वेगळा धागा.) म्हणून मी प्रश्न असा विचारेन की स्नोडेनने सरकारचा विश्वास मोडला की देशाचा? पहिल्याचं उत्तर 'हो' यात वादच नाही.

आणि कोर्टं काय म्हणाली तेही बघा. मे २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या अपील कोर्टाने सांगितलं की सरकार ज्या कायद्याचा हवाला देत होतं त्यात सरसकट फोन-नोंदी गोळा करण्याला आधार नव्हता. पुढच्याच महिन्यात संसदेने ते बंद करणारा कायदा केला. सप्टेंबर २०२० मध्ये दुसऱ्या अपील कोर्टानेही तो कार्यक्रम बेकायदा ठरवला. म्हणजे जे गुपित होतं तेच बेकायदा होतं. बेकायदा गोष्ट गुप्त ठेवायची शपथ बंधनकारक असते का?

सुभेदार_निवृत्त

वकीलीणबाई, टिळक मंडालेला गेले. पळून गेले नाहीत. एवढाच फरक आहे आणि तो फार मोठा आहे.

वकीलीणबाई

मान्य. हा तुमचा सगळ्यात वजनदार मुद्दा आहे, म्हणून टाळत नाही. डॅनियल एल्सबर्गने १९७१ मध्ये व्हिएतनाम युद्धाचे सात हजार पानांचे कागद फोडले आणि स्वतः हजर झाला. ते कागद झेरॉक्स करायला त्याने १३ वर्षांच्या मुलाला बसवलं होतं आणि धाकट्या मुलीने कात्रीने 'टॉप सिक्रेट'चे शिक्के कापून काढले. काय कुटुंब! ११५ वर्षं होऊ शकली असती, सुटला, कारण राष्ट्राध्यक्ष निक्सनच्या माणसांनी त्याच्या मानसोपचारतज्ज्ञाचं ऑफिस फोडलं होतं ते बाहेर आलं आणि न्यायाधीशांनी खटलाच निकालात काढला. पण याच एल्सबर्गने २०१३ मध्ये लिहिलं की स्नोडेन पळाला ते बरोबर केलं, माझ्या वेळी मी जामिनावर मोकळा फिरून भाषणं देत होतो, आता ते शक्य नाही.

मेरीलँडची_माई

'आधी वरिष्ठांकडे तक्रार करायची' म्हणणाऱ्यांसाठी आमच्याच मेरीलँडचं उदाहरण. थॉमस ड्रेक, एनएसएमध्ये मोठ्या हुद्द्यावर. सगळं रीतसर केलं, आतल्या तपास यंत्रणेकडे गेला, संसदेच्या समितीकडे गेला, काही झालं नाही, शेवटी बाल्टिमोरच्या पत्रकाराशी बोलला. २०१० मध्ये हेरगिरी कायदा लावला, ३५ वर्षांची भीती. खटला उभा राहायच्या आधी सगळे मोठे आरोप मागे घेतले आणि एका किरकोळ गुन्ह्यावर मिटवलं, पण तोवर नोकरी, पेन्शन सगळं गेलं होतं. नंतर तो ऍपलच्या दुकानात काम करायचा. स्नोडेनने हे बघितलं होतं, तो तसं म्हणालाही आहे.

शेजाऱ्याला हे सांगायला हवं होतं पण तेव्हा मला मोदक सुचला.

खडूस_आजोबा

अमेरिकेचं कौतुक पुरे. इथे काय चाललंय ते बघा. पेगासस (फोनमध्ये शिरणारं इस्रायली हेर-सॉफ्टवेअर) विसरलात? सुप्रीम कोर्टाने समिती नेमली, २९ फोन तपासले, पाचांत कसलं तरी मालवेअर मिळालं, पेगाससच आहे असं ठामपणे सांगता येत नाही म्हणाले, आणि सरकारने सहकार्य केलं नाही हेही नोंदवलं. पुढे? आणि २०२१ मध्ये आपल्याच मुंबईत फोन टॅपिंगचा गोपनीय अहवाल फुटला तेव्हा ज्यांनी फोडला ते एका पक्षाच्या दृष्टीने जागल्ये (व्हिसलब्लोअर) आणि दुसऱ्याच्या दृष्टीने गुन्हेगार, आणि सरकार बदललं की भूमिका अदलाबदल. आपल्याकडे गळतीला रंग नसतो, गळती ज्याच्या ताटात पडते त्याचा रंग तिला लागतो.

चिंचेचं_बोटुक

आजोबांनी काडी टाकली. दुसरं पॉपकॉर्न लावतो.

दिल्लीदरवाजा

आजोबा तुमच्या लाडक्या पक्षाच्या काळात काय कमी टॅपिंग झालं? १९९१ चं केंद्र सरकार राजीव गांधींच्या घराबाहेर पाळत ठेवणाऱ्या हरियाणाच्या दोन हवालदारांवरून पडलं ते...

संपादक_मंडळ

धागा सध्याच्या पक्षीय राजकारणावर नेऊ नये. दोन प्रतिसाद उडवले आहेत. संबंधितांनी इनो घ्यावा.

डोंबिवलीकरीण

मी बरेच दिवस फक्त वाचनमात्र असते पण इथे लिहावंसं वाटलं.

२६ नोव्हेंबर २००८ ला मी सीएसटीहून रोजच्यापेक्षा एक गाडी आधीची पकडली. कारण काही विशेष नाही, त्या दिवशी काम लवकर संपलं. घरी येऊन टीव्ही लावला. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. आमच्या डब्यातली एक बाई पुढच्या गाडीला असायची, ती वाचली पण परत कधी नोकरीला आली नाही.

त्यामुळे 'पाळत वाईट' असं कोणी म्हटलं की माझा पहिला विचार असतो, ठेवा पाळत, माझेही फोन ऐका, भाजी काय करू यापलीकडे त्यात काही नाही. २०१३ मध्ये अमेरिकन अधिकाऱ्यांनी हेडलीचं (२६/११ साठी मुंबईची टेहळणी करणारा) नाव पुढे केलं की बघा, पाळतीमुळेच डेन्मार्कमधला त्याचा कट उधळला, तेव्हा मला पटलंही होतं. अर्थात तो हेडली आपल्याकडे पाच वेळा येऊन ताजची, नरिमन हाऊसची चित्रीकरणं करून गेला तेव्हा ही पाळत कुठे होती हा प्रश्न डोक्यात आलाच.

मग डिसेंबर २०१४ मध्ये एक बातमी वाचली आणि ती मात्र डोक्यातून जात नाही. स्नोडेनच्याच कागदांतून बाहेर आलं की लष्कर-ए-तोयबाचा जो कॉम्प्युटरवाला होता, झरार शाह, त्याच्या इंटरनेटवरच्या हालचालींवर ब्रिटिश हेरखात्याची हल्ल्याच्या आधीपासून नजर होती. अमेरिकनांकडे वेगळे तुकडे होते, त्यांनी आपल्याला इशारेही दिले होते, आपल्या लोकांकडे तिसरे तुकडे होते. तिघांनी मिळून चित्र जुळवलंच नाही. १६६ माणसं गेली.

आता सांगा. स्नोडेनने कागद फोडले नसते तर मला हे कधी कळलं असतं? आणि दुसऱ्या बाजूला, झरार शाहवर नजर ठेवणं हे तर हेरखात्याने करायलाच हवं ना, तो कागद जगाला दाखवून त्याने कोणाचं भलं केलं? मी दोन्ही बाजूंनी चिडते. सगळ्या जगाच्या गवताच्या गंज्या गोळा करायच्या आणि हातात आलेली सुई ओळखायची नाही, याला काय म्हणायचं?

सुभेदार_निवृत्त

ताई, तुमच्या प्रतिसादाला सलाम. उत्तर माझ्याकडेही नाही.

बायनरी_बाळू

+१ डोंबिवलीकरीण. याच संदर्भात, अमेरिकेच्याच एका सरकारी देखरेख मंडळाने जानेवारी २०१४ मध्ये फोन-नोंदींचा कार्यक्रम तपासून सांगितलं की दहशतवादाच्या एकाही तपासात त्यामुळे निकाल बदलला असं उदाहरण सापडलं नाही. परदेशी लोकांवर नेमून ठेवलेली पाळत मात्र उपयोगी पडते असं त्याच मंडळाने पुढच्या अहवालात म्हटलं. म्हणजे सरसकट जाळं वेगळं आणि नेम धरून लावलेला गळ वेगळा. स्नोडेनने दोन्ही एकाच पिशवीत भरून दिले हा माझाही आक्षेप आहे.

बर्लिनचा_बंड्या

मला इथे एक गोष्ट खटकतेय. सगळे अमेरिकन चष्म्यातून बघताय. 'अमेरिकन नागरिकांच्या नोंदी', 'अमेरिकन संसद', 'अमेरिकन कोर्ट'. अहो आपण कोण?

बाळूने ज्याला 'परदेशी लोकांवर नेम' म्हटलं ना, तो परदेशी म्हणजे तू, बाळू. आणि तो नेम फक्त दहशतवाद्यांवर असतो असंही नाही, 'परराष्ट्रविषयक उपयुक्त माहिती' एवढं कारण पुरतं. कलम ७०२ म्हणतात ते, २००८ चं, एप्रिल २०२४ मध्ये पुन्हा दोन वर्षांसाठी वाढवलं. माईंच्या मुलाचा ईमेल वाचायचा तर वॉरंट लागेल, माईंच्या आईचा (सांगलीत असतात ना?) वाचायचा तर कोणा एकट्यादुकट्यासाठी वॉरंट नाही. स्नोडेनच्या कागदांत जगाचा नकाशा होता, मार्च २०१३ या एका महिन्यात कुठून किती माहिती उचलली त्याचा. भारत पाचवा, ६३० कोटी नोंदी! इराण, पाकिस्तान, जॉर्डन, इजिप्त आणि मग आपण. वॉशिंग्टनमधला आपला दूतावासही यादीत होता. आणि आपले तेव्हाचे परराष्ट्रमंत्री काय म्हणाले, ही खरी हेरगिरी नव्हेच, नुसतं कॉम्प्युटरने पॅटर्न बघणं आहे! त्याच सुमाराला स्नोडेनने आश्रय मागितला तर दिल्लीने लगेच नाही म्हणून सांगितलं. घरात चोर शिरला हे ज्याने सांगितलं त्यालाच दार बंद.

इथे जर्मनीत तेव्हाच्या चॅन्सलर मर्केलबाईंचा फोन ऐकत होते असं निघालं तेव्हा केवढा गहजब. मित्रांमध्ये हेरगिरी, हे चालणार नाही म्हणाल्या. मग संसदेने चौकशी समिती बसवली आणि त्यातून निघालं काय, तर जर्मन हेरखातं स्वतःच मित्रांवर हेरगिरी करत होतं. आम्ही सगळे ऑफिसात हसून हसून. पण पुढे चांगलं झालं, मे २०२० मध्ये इथल्या घटनात्मक न्यायालयाने सांगितलं की जर्मन सरकारला परदेशातल्या परदेशी माणसाच्या बाबतीतसुद्धा मूलभूत हक्क पाळावेच लागतील. म्हणजे सांगलीतल्या आजींना जर्मन हेरांपासून थोडंफार संरक्षण आहे. अमेरिकन हेरांपासून नाही आणि आपल्या स्वतःच्या हेरांपासून किती ते खडूस आजोबा सांगतील.

तेव्हा गद्दार असेल तर अमेरिकनांचा. आपण कशाला त्यांच्या वतीने रागवायचं?

मेरीलँडची_माई

बंड्या, आई मिरजेत असते. 🙂 पण मुद्दा लागला. गंमत म्हणजे मी स्वतः ग्रीन कार्डवाली, म्हणजे त्या कायद्याने मी 'इथली' आणि आई 'परकी'. एकाच फोनच्या दोन टोकांना दोन कायदे.

चिंचेचं_बोटुक

सगळे गंभीर झालात म्हणून विचारतो, बिभीषणाचं काय करायचं? रामाच्या बाजूने भक्तशिरोमणी आणि आपल्या भाषेत 'घरभेदी'. राज्यही मिळालं आणि बदनामीही.

सुभेदार_निवृत्त

बिभीषणाने आधी भर दरबारात रावणाला तोंडावर सांगितलं होतं. लाथ खाल्ली, मग गेला.

वकीलीणबाई

सुभेदारसाहेब, म्हणजे बिभीषण थॉमस ड्रेक. 😀

आपल्याकडचं कायद्याचंही सांगते, विषय निघालाच आहे तर. १९२३ चा गोपनीयता कायदा इंग्रजांचा, अजून लागू. पण माहिती अधिकार कायद्याचं कलम ८(२) म्हणतं की लोकहिताचं पारडं जड असेल तर गोपनीयता कायदा काहीही म्हणो, माहिती देता येते. आणि जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा २०१४ मध्ये संमत होऊनही अंमलात आणलेलाच नाही. सत्येंद्र दुबे या इंजिनिअरने २००२ मध्ये महामार्गातला भ्रष्टाचार पंतप्रधान कार्यालयाला कळवला, माझं नाव गुप्त ठेवा म्हणाला होता. नाव फिरलं, २००३ मध्ये गयेत गोळी घातली. इथे जागल्याने रीतसर वाट धरावी म्हणणाऱ्यांनी ती वाट कुठे आहे तेही दाखवावं.

जुना_तारवाला

नमस्कार मंडळी. वय ७४, टायपिंग हळू, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

मी टेलिफोन खात्यात टेक्निशियन होतो, एका जिल्ह्याच्या गावी, गावाचं नाव नको. सी-डॉट (देशी डिजिटल एक्स्चेंज) यायच्या आधीचं जुनं एक्स्चेंज, खटखट आवाज करणारं. आमच्यात टॅपिंग असा शब्द कोणी वापरत नसे, 'नंबर ऑब्झर्व्हेशनवर आहे' म्हणायचे. करायला काही लागत नसे हो, फ्रेमवर त्या नंबरची जोडी शोधायची, दोन वायरी समांतर जोडायच्या, दुसरं टोक आतल्या खोलीत, तिथे एक माणूस हेडफोन लावून वहीत लिहीत बसायचा. कायदा १८८५ चा, कलम ५(२), लेखी आदेश हवा. आदेश यायचे, रजिस्टरला नोंद व्हायची. १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टाने नियम घालून दिले, गृहसचिवाचीच सही हवी, दोन महिन्यांची मुदत, वाढवली तरी सहा महिन्यांच्या वर नाही, पण मी म्हणतो तो काळ त्याच्या आधीचा.

एक दिवस साध्या कपड्यातले दोघं आले, कागद नाही, नुसता नंबर सांगितला, आमच्या साहेबांनी मान हलवली. मी म्हटलं साहेब ऑर्डर? साहेब म्हणाले मागाहून येते, तू लाव. तो नंबर गावातल्या एका छोट्या साप्ताहिकाच्या संपादकाचा होता, पाणीयोजनेतल्या घोटाळ्यावर लिहीत होते ते. मी ओळखायचो, बिल भरायला स्वतः काउंटरला यायचे, सायकल बाहेर लावून. मी वायरी जोडल्या. तीन आठवडे होत्या. मागाहून कागद आलाच नाही. मग काढल्या. रजिस्टरला नोंद नाही, म्हणजे झालंच नाही.

सुभेदारसाहेब मिठाचं म्हणाले. मीही मिठाला जागलो. घरात तीन पोरं, बदली झाली असती किंवा नोकरी गेली असती. पण हे मी पहिल्यांदा कुठेतरी सांगतोय, ३६-३७ वर्षांनी, तेही खोट्या नावाने. तो पोरगा २९ वर्षांचा असताना खऱ्या नावाने सांगून मोकळा झाला. त्याने जास्तीचे कागद नेले असतील, चीनला नको ते बोलला असेल, रशियात बसून रशियाच्या पाळतीवर फारसं बोलता येत नसेल, सगळं खरं असेल. मला त्याला गद्दार म्हणवत नाही एवढंच.

डोंबिवलीकरीण

काका _/\_

बायनरी_बाळू

काका, काय लिहिलंत. वाखूसा (वाचनखूण साठवली).

सुभेदार_निवृत्त

तारवाले, तुमच्या ठिकाणी मी असतो तर मीही वायरी जोडल्या असत्या. तुमच्या साहेबाला मात्र सोडलं नसतं. लेखी आदेशाशिवाय हुकूम देणारा तो खरा शिस्त मोडणारा. स्नोडेनबद्दल माझं मत तेच. पण 'नो सर' म्हणणाऱ्या त्या प्रमुखावर काही कारवाई झाली का हो, माई?

मेरीलँडची_माई

नाही. नंतर म्हणाला, मी त्यातल्या त्यात कमी खोटं उत्तर दिलं. निवृत्त होऊन टीव्हीवर तज्ज्ञ म्हणून येतो.

सुभेदार_निवृत्त

मग शेजाऱ्याला माझ्यातर्फे हे विचारा.

मेरीलँडची_माई

अपडेट. काल पुरणपोळ्या घेऊन मीच त्याच्याकडे गेले. विषय मी काढला नाही, त्याने काढला. म्हणाला, तुझा मुलगा जे बोलला ते चूक नव्हतं, पण मी ज्यांच्याबरोबर काम केलं ते चोर नव्हते, आणि त्या उन्हाळ्यापासून माझी मुलगीसुद्धा माझ्याकडे चोर असल्यासारखी बघते. मग म्हणाला याहून जास्त मला बोलता येत नाही. मी म्हटलं नको बोलूस. लेकाला सांगितलं तर तो बराच वेळ गप्प होता, हे आमच्या घरातलं नवल.

चिंचेचं_बोटुक

माई, पुरण कटाची आमटीसकट दिलंत का? शेजारी फुटतो का बघायचं तर आमटी लागते.

बर्लिनचा_बंड्या

तारवाले काका, एक विचारू? राग मानू नका. त्या संपादकांना नंतर कधी सांगितलंत?

जुना_तारवाला

नाही. २००९ मध्ये वारले. अंत्ययात्रेला गेलो होतो, मागे मागे चाललो. त्यांचा मुलगा आता ते साप्ताहिक चालवतो, कधीमधी बाजारात दिसतो. त्याच्याकडे स्कूटर आहे.